तळातली चार बोटं

दिपालीची होडी वाटेत कधी बंद पडत नसे. ती बंद पडायची नेमकी फ्लेमिंगो दिसल्यावर. कांजूरच्या धक्क्यावरून निघावं, खारफुटीच्या कडेकडेने पाऊण तास मजेत जावं, पलीकडच्या चिखलावर हजारभर पक्षी माना खाली घालून चरताना दिसावेत, लोकांनी कॅमेरे सरसावावेत, आणि तेवढ्यात इंजिनाने दोनदा खोकून गप्प व्हावं. जानेवारीत असं दोनदा झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिसऱ्यांदा झालं तेव्हा ओहोटी लागली होती. तिचा चुलतभाऊ मितेश आपली होडी आणि दोर घेऊन वेळेवर पोचला नसता, तर अकरा पाहुण्यांना पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसून पक्षी बघावे लागले असते. एवढी हौस पक्षी बघणाऱ्यांनाही नसते.

धक्क्यावर थट्टेला ऊत आला. दिपालीचं इंजिन फार संस्कारी आहे, पाखरांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद करतं, असं मितेशने चहाच्या टपरीवर दहा जणांना सांगितलं. दिपाली हसली, कारण थट्टेवर चिडलं की ती महिनाभर चालते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण सोमवारी चंपामावशीने बोलावलं तेव्हा तिचं हसू मावळलं.

चंपामावशी म्हणजे धक्क्यावरच्या होडीवाल्यांच्या सोसायटीची अध्यक्ष. चाळीस वर्षं भांडुपच्या बाजारात मासळी विकलेली बाई, तिच्याशी घासाघीस करून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. पाहुण्यांना फिरवायला कुठल्या होडीने कधी जायचं, ती पाळी सोसायटी ठरवते. मावशीने सरळ सांगितलं, की शनिवारी सकाळी ओहोटीच्या वेळी ट्रायल होईल. होडीत बारा माणसं, टाकीत पाव टाकी पेट्रोल. होडी गेली तशी आली तर पाळी चालू. बंद पडली तर या सीझनपुरतं दिपालीचं नाव पाळीतून बाद.

दिपालीने विचारलं, टाकी भरून नेली तर? तिला आतापर्यंत तेवढं कळलं होतं, की भरल्या टाकीवर इंजिन कधी रुसत नाही. मावशी म्हणाली, "भरल्या टाकीवर कोणपन जाऊन येईल गो. पण ओहोटीला वरून बारा माणसं आणि खाली भरली टाकी, तुझी होडी चिखलाला टेकते. हलकीच न्यायला पायजे. मग हलकी असताना चालते का, ते बघू."

मावशीचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाचा राग येतो तसा दिपालीला तिचा थोडा राग आला.

पाळी गेली तर काय होईल हे तिला नको तितकं स्वच्छ दिसत होतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती घाटकोपरला मोबाइलच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहून लोकांना फोनचे रंग दाखवायचे. त्यातून सुटून ती इथे आली होती. या धक्क्यावर होडीचं चाक हातात घेणारी पहिली बाई. पहिल्या दिवशी खाडीवरचा वारा तोंडावर आला तेव्हाच तिला कळलं होतं, की आपल्याला आयुष्यात हेच करायचं आहे. सीझन बुडाला तर पुन्हा तो काउंटर होता.

होडी तिच्या वडिलांनी, धर्माने, लावून दिलेली. धर्मा अडुसष्ट वर्षांचा. लाकडी होडीवर डिझेलच्या इंजिनाने चाळीस वर्षं मासेमारी केलेला तांडेल, होडीचा कप्तान. खाडीतली मासळी कमी होत गेली तशी त्याने ती होडी विकली आणि लेकीबरोबर ही जुनी फायबरची होडी घेतली. तिला पाठीमागे टांगायचं पेट्रोलचं इंजिन लागलं, पायाखाली लाद्यांसारख्या फळ्या बसल्या आणि फळ्यांखाली एक लांबरुंद चपटी टाकी आली. यातलं एकूण एक काम धर्माने स्वतः केलं होतं. होडीबद्दल कोणी बरं बोललं की तो दुसरीकडे बघायचा, पण त्याचे कान तिकडेच असायचे.

इंजिन बंद पडायला लागल्यापासून धर्माचं एकच म्हणणं होतं, की दोष इंजिनाचा. इंजिन बघायचं काम धम्मपालचं. धम्मपाल घाटकोपरचा, चाळिशीतला मेकॅनिक. त्याचे वडील जालन्याकडून आलेले, त्यांच्या सात पिढ्यांत कोणी खारं पाणी पाहिलेलं नाही. तो मोटरसायकली दुरुस्त करता करता होड्यांच्या इंजिनांकडे वळला आणि आता मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत त्याच्या नावाने हाका पडत होत्या. त्याने महिनाभरात प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलची रबरी नळी बदलली, हाताने दाबायचा रबरी गोळाही बदलला. दर वेळी एकटा होडी घेऊन खाडीत दोन चकरा मारून यायचा. दर वेळी इंजिन शहाण्या पोरासारखं चालायचं. "ताई, इंजिनात काहीच नाही यार," असं म्हणून तो डोकं खाजवत स्कूटरवर बसायचा.

सोमवारी संध्याकाळी दिपाली होडी धूत होती. आदल्या दिवशीच्या पाहुण्यांच्या बुटांचा चिखल अजून फळ्यांवर होता. पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला. मागच्या बाजूला फळ्या जवळजवळ स्वच्छ होत्या. सगळे बूट पुढे, नाळेशी, एकावर एक उमटले होते. पक्षी दिसले की अकराच्या अकरा माणसं पुढे धावतात, हे ती रोज बघत होती. बघत होती म्हणूनच ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. धम्मपाल मात्र चकरा मारायचा तो एकटा, मागे इंजिनाजवळ बसून.

मंगळवारी मासळी विकून बायका परतल्या तशी दिपालीने आईला गाठलं. तिची आई कमळ, आणि शेजारच्या नऊ जणी, अशी दहा जणींची फौज अकरा वाजता होडीत चढली. बायकांना ही सहलच वाटली. कोणी वडापाव बांधून आणले, कोणी मोगऱ्याचे गजरे. धम्मपालला मागे बसवून दिपालीने होडी खाडीत घेतली. टाकी अर्धी होती. बायका जागच्या जागी होत्या तोवर सगळं सुरळीत चाललं. मग दिपालीने वेग कमी केला आणि सगळ्यांना पुढे जायला सांगितलं. दहा जणी वडापाव हातात घेऊन नाळेशी गोळा झाल्या. होडीचं तोंड पाण्याकडे झुकलं. मिनिटभरात इंजिन खोकलं आणि बंद झालं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या वजनाला कोणी नावं ठेवली तर बघून घेईन, असं कमळने बजावलं. धम्मपाल मात्र हसला नाही. तो बराच वेळ पायाखालच्या फळ्यांकडे बघत राहिला. मग त्याने दिपालीला विचारलं, की टाकीतून पेट्रोल ओढून घेणारी नळी आत कुठे सोडली आहे आणि किती खोल जाते. दिपालीला माहीत नव्हतं. महिनाभर त्यांनी टाकीच्या बाहेरची एकूण एक वस्तू बदलली होती. टाकीच्या आत डोकावायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

बुधवारी धक्क्यावर त्यांनी फळ्या उचलल्या. टाकीच्या मागच्या टोकाला झाकणासारखी एक चकती होती. तिचे पाच स्क्रू काढून धम्मपालने ती अलगद वर उचलली. चकतीला खाली नळी जोडलेली होती, आणि नळीच्या तोंडाला बारीक जाळी. धम्मपालने एक लाकडी पट्टी टाकीच्या तळापर्यंत सोडली, बाहेर काढली आणि नळीशेजारी धरली. टाकी बारा बोटं खोल होती. नळी आठ बोटांवर संपत होती.

म्हणजे टाकीतलं तिसरा हिस्सा पेट्रोल कधी इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. त्यात होडी पुढे झुकली की सगळं पेट्रोल टाकीच्या पुढच्या टोकाला वाहत जायचं, आणि मागची नळी अर्ध्या टाकीलाच हवा ओढायला लागायची. आधीचे दोन सीझन होडी भरल्या टाकीने निघायची म्हणून हे कधी दिसलं नव्हतं; ओहोटीच्या फेऱ्यांसाठी टाकी अर्धी ठेवायला याच वर्षी सुरुवात झाली होती.

"कोणी कापली ही?" धम्मपाल म्हणाला. "एवढी आखूड? डोकं ठिकाणावर होतं का त्याचं?"

"मी कापली," मागून धर्मा म्हणाला.

तो केव्हा येऊन उभा राहिला ते दोघांनाही कळलं नव्हतं. धम्मपालने जीभ चावली. धर्माने नळीकडे एकदा पाहिलं, वळला आणि हायवेकडच्या रस्त्याने घरी चालू लागला.

दिपालीला नळीचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. धर्माने ती विसरून किंवा चुकून कापलेली नव्हती. जुन्या होडीच्या काळात डिझेल पिंपातून यायचं. त्यात गंज असायचा, कचरा असायचा, वर खारं पाणी उडून आत जायचं. ती सगळी घाण टाकीच्या तळाशी बसायची, आणि ती इंजिनात गेली तर भर समुद्रात वाट लागायची. म्हणून त्यांच्या कोळीवाड्यात प्रत्येक तांडेल नळी तळापासून चार बोटं वर कापायचा. धर्माच्या बापाने तसंच केलं होतं, आजोबांनीही. ती टाकी उंच, उभ्या डब्यासारखी. तिच्यात चार बोटं म्हणजे काहीच नाही. धर्माने नवी टाकी आणली ती चपटी, आणि हाताला जे माप माहीत होतं तेच लावलं. अख्ख्या मुंबईत दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी चाळीस वर्षं इमानदारीने तांडेलकी करावी लागते.

घरी धर्मा जाळं विणत बसला होता. घरात आता जाळं कोणी वापरत नव्हतं. तो जेवला आणि पुन्हा जाळ्यापाशी बसला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर यायची वेळ झाली तरी उठला नाही. कमळने खुणेनेच लेकीला सांगितलं, राहू दे. दिपालीला वाईट वाटलं, फार वाईट. पण शनिवार दोन दिवसांवर आला होता.

गुरुवारी सकाळी धम्मपाल दारूखान्याच्या भंगार बाजारातून नव्या नळ्या घेऊन आला. वाटेत त्याने पुरता अभ्यास केला होता, आणि आदल्या दिवशी तोंडून गेलेल्या शब्दांमुळे जरा जास्तच मन लावून बोलत होता. जुन्या नळीला खाली रबराचा तुकडा जोडता येईल, पण पेट्रोलात रबर फुगतं आणि गळून पडलं की नवीन भानगड. तांब्याची नळी पेट्रोलात नको. प्लास्टिकची स्वस्त, पण भरवसा नाही. त्याने ॲल्युमिनियमची आणली होती, जुनीपेक्षा जाड. या इंजिनाला मूळची नळी बारीकच पडत होती, वेग वाढवला की इंजिनाला स्ट्रॉने सरबत पिण्याची वेळ यायची. खालचं तोंड सरळ न कापता तिरकं कापायचं, म्हणजे चुकून तळाला टेकलं तरी बंद होणार नाही. आणि जाळी लावायची नाही. ती टाकीच्या आत तुंबली तर कोणाला दिसत नाही. घाण अडवायला बाहेर फिल्टर आहेच, त्याच्या खालची वाटी काचेसारखी पारदर्शक आहे, काय आलं ते डोळ्यांनी बघा आणि ओतून टाका.

दिपालीने जाड नळी पसंत केली. धम्मपालने टाकीपासून लांब जाऊन ती कापली, तळापासून बोटभर वर राहील अशी, आणि मागच्या तोंडातून आत सोडली. पुन्हा बायकांची फौज बोलावली. या वेळी त्या भजी घेऊन आल्या. अर्ध्या टाकीला सगळ्या पुढे धावल्या तरी इंजिन एकदाही खोकलं नाही. दिपालीला वाटलं, जमलं. मग तिने पाव टाकीपर्यंत पेट्रोल कमी केलं आणि बायकांना पुन्हा पुढे पाठवलं. इंजिन खोकलं. बंद पडलं नाही, पण खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं. बारा माणसांत ते नक्की बंद पडलं असतं.

टाकी बनवणाऱ्याने दोन तोंडं ठेवली होती. एक अगदी मागे, दुसरं मध्याच्या थोडं मागे. ते दुसरं नुसत्या चकतीने बंद होतं. धम्मपालचं म्हणणं, नळी मागेच हवी. होडी पळते तेव्हा तोंड वर उचलतं आणि पेट्रोल मागे जातं, सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलंय. दिपालीचं म्हणणं, तिची होडी पक्ष्यांसमोर पळत नाही, तोंड खाली घालून उभी राहते. मधल्या तोंडातून नळी सोडली तर पुढे झुकल्यावर चालेल, पण परतीच्या वाटेवर पळताना काय होईल? धम्मपालने खांदे उडवले. टाकीच्या आत पेट्रोल कसं हलतं, ते कोणी पाहिलं होतं?

शुक्रवारी सकाळी दिपालीने फिल्टरची वाटी फिरवून काढली. आत गेल्या काही आठवड्यांची काळी पूड आणि खाली थेंबभर पाणी होतं. ते तसंच एका काचेच्या बरणीत ओतून, घट्ट झाकण लावून ती घरी गेली आणि जाळं विणणाऱ्या धर्मासमोर बरणी ठेवली. तिच्यामागे दाराबाहेर धम्मपाल उभा होता. आत यायला त्याचे पाय धजत नव्हते.

धर्माने बरणी उचलून उजेडात धरली. "ही टाकीतली घाण?"

"टाकीतलीच. आता ती फिल्टरात येऊन बसते, इंजिनाकडं जात नाय. म्हणून नळी खाली नेली तर चालते." ती त्याच्याजवळ खाली बसली. "बाबा, तू चार बोटं सोडलीस ती घाणीसाठी. घाण आता दुसरीकडं अडते, एवढंच झालंय."

धर्मा बरणी हलवून बघत राहिला. "आमच्या वख्ताला ह्ये नव्हतं गो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नळीचं मला बुधवारीच कललं होतं. त्या पोरानं माजं डोकं काढलं, ते लागलं."

धम्मपालने बाहेरूनच कान पकडले. दिपालीने ते न पाहिल्यासारखं करून अडचण सांगितली. मागचं तोंड की मधलं? होडी उभी असताना एक म्हणते, पळताना दुसरं. तुला काय वाटतं, बाबा?

हा प्रश्न तिने त्याची समजूत काढायला विचारला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते धर्माच्या लक्षात आलं असावं. त्याने जाळं बाजूला सारलं आणि पायात चपला सरकवल्या.

धक्क्यावर त्याने फळ्या उचलायला लावल्या. टाकीकडे नीट पाहिलंही नाही. तो टाकीच्या शेजारी, होडीच्या पोटात वाकला आणि हाताने चाचपत पुढे सरकत गेला. चाळीस वर्षं त्याने होडीत शिरलेलं पाणी उपसलं होतं, आणि या होडीतही गेली तीन वर्षं रोज सकाळी तोच उपसायचा. उपसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. होडी पुढे झुकली तर पाणी पुढे जातं, मागे बसली तर मागे जातं, पण एक जागा अशी असते की तिथे थोडं पाणी कायम राहतं, काही केल्या हलत नाही. शेवटचा डबा तिथेच भरतो. ही जागा हवी. पेट्रोल झालं तरी पाण्यासारखंच वाहणार, त्याला वेगळी अक्कल कुठून येणार? धर्माने एका ठिकाणी तळहात टेकला. "हितं," तो म्हणाला. वर बघितलं तर टाकीचं मधलं तोंड त्याच्या हातापासून वीतभरही लांब नव्हतं.

धम्मपालने वाद घातला नाही. त्याने मधली चकती उघडून पट्टी आत सोडली. तिथे टाकी मागच्यापेक्षा बोटभर जास्त खोल निघाली. पट्टी बघून त्याने धर्माला वाकून नमस्कारच केला, आणि वर म्हणाला, "काका, महिनाभर मी येडा बनून फिरत होतो. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." धर्मा दुसरीकडे बघू लागला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग धम्मपालने उरलेली लांब नळी आणि हॅक्सॉ त्याच्या हातात दिले.

धर्मा नळी घेऊन टपरीपल्याडच्या दगडावर जाऊन बसला. खिशातली विडी त्याने आधी, मागोमाग आलेल्या कमळकडे देऊन टाकली. नळीवर खूण करायची वेळ आली तेव्हा तो थांबला आणि त्याने लेकीला हाक मारली. दिपालीला वाटलं, पट्टी हवी असेल.

"तळाला किती सोडू?" त्याने विचारलं.

तीन वर्षांत त्याने तिला होडीतलं कुठलंच माप विचारलं नव्हतं. ती एक बोट म्हणाली. कोणाचं बोट, त्याने विचारलं, माझं की तुझं? त्याचं बोट दोरांनी जाडजूड झालेलं, तिच्या दोन बोटांएवढं. दिपालीने आपलं बोट नळीवर आडवं ठेवलं. धर्माने त्याच्या कडेला खिळ्याने रेघ मारली आणि तिरका काप घ्यायला सुरुवात केली. दिपालीला उगाचच डोळे पुसावेसे वाटले. ॲल्युमिनियमचा कीस डोळ्यांत गेला, असं तिने आईला सांगितलं, आणि आईने मानलं.

नळी बसली, चकतीखाली नवं पॅकिंग घातलं, स्क्रू आवळले, जुनं तोंड बंद केलं, तोवर पाणी उतरलं होतं. होडी चिखलात बसली. करून बघायला वेळच उरला नाही. आता जे काय व्हायचं ते शनिवारी, बारा जणांसमोर.

शनिवारी चंपामावशी नऊवारीवर लाइफ जॅकेट घालून सर्वांत आधी हजर झाली. टाकीचा काटा तिने स्वतः वाकून पाहिला, पाववर होता. मितेश आणि इतर होडीवाले धरून बारा माणसं झाली. धर्मा तेरावा, पण तो होडीचाच माणूस, त्याला कोणी मोजलं नाही. धम्मपाल धक्क्यावर उभा राहिला.

होडी निघाली. दिपालीने चाक इतकं घट्ट धरलं होतं, की पहिल्या वळणाला मितेशने तिला श्वास घ्यायची आठवण करून दिली. जाताना इंजिन पळालं. होडीचं तोंड वर होतं, पेट्रोल मागे गेलं असणार, पण नळीला काही कमी पडलं नाही. खाडी रुंद झाली. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर पक्षी दिसले, गुलाबी कडा असलेले, शेकडो. दिपालीने वेग उतरवला.

"चला पुढं," चंपामावशीने हुकूम सोडला. बाराही जण नाळेशी जाऊन उभे राहिले. होडीने तोंड खाली घातलं. दिपाली इंजिनाचा आवाज ऐकत होती, दुसरं काही तिला ऐकूच येत नव्हतं. एक मिनिट गेलं. मावशीने सगळ्यांना डाव्या बाजूला पाठवलं, मग उजव्या, मग पुन्हा पुढे. एवढी कवायत तिने लग्नात वऱ्हाडाकडूनही करून घेतली नसेल. पाच मिनिटं झाली. इंजिन एका लयीत घुरघुरत होतं, खोकला नाही की ठसका नाही.

मावशीने मागे वळून पाहिलं. "उद्या सकाळची पहिली पाळी तुझी," ती म्हणाली. "सातला. उशीर करू नकोस." मितेशने शिट्टी वाजवली आणि पक्ष्यांचा एक थवा त्याच्यावर रागावून थोडा पलीकडे जाऊन बसला.

दिपालीच्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. मग बाबांना काहीतरी सांगायला ती मागे वळली, तर इंजिनाजवळची जागा रिकामी होती.

तीन सीझन धर्मा प्रत्येक फेरीला होडीत असायचा. पाहुणे पुढे धावायचे, आणि तो मागे इंजिनावर हात ठेवून, कान लावून बसायचा. हजारो लोकांनी त्याच्या होडीतून फ्लेमिंगो पाहिले होते. त्याने एकदाही पाहिले नव्हते, कारण त्याची पाठच कायम तिकडे असायची. हे दिपालीला आता कळलं, त्याला पुढे जाताना बघून. तो बाकांना धरत धरत, हळूहळू नाळेकडे चालला होता. चंपामावशीने सरकून त्याला जागा दिली. तेराव्या माणसाच्या वजनाने होडीचं तोंड आणखी थोडं खाली गेलं. इंजिन चालू होतं.

धर्मा कठड्याला टेकून उभा राहिला. इंजिनाकडे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. समोर पक्षी चिखलात चोची फिरवत होते, मधूनच एखादा पंख पसरायचा आणि आतला लाल रंग दिसायचा. मग मान न वळवताच त्याने लेकीला हाक मारली.

"दिपाली," तो म्हणाला, "जरा जवल घे ना."

दिपालीने होडी गिअरमध्ये टाकली आणि अगदी सावकाश पुढे नेली.